दोघंही ‘बरोबर’ म्हणाले

१२ जानेवारी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. बापाने मुलाची माफी मागू नये म्हणतात, पण उशीर तो उशीर. आधी मोतीबिंदू काढला, मग चष्मा यायचा होता, आणि आलेल्या चष्म्यावर मीच बसलो. सूनबाई म्हणाली, “बाबा, चष्म्याचं निमित्त पुरे. लिहायला विषय नाही असं सरळ म्हणा.” तर आता विषय आहे.

विषय आपली बारकी. तू बोटीच्या कंपनीत परदेशी गेलास तेव्हा ती माझ्या कोपराला लागत होती, आता माझ्या टकलावरून पलीकडे बघते. नाव बारकी ठेवलंस तू, आणि झाली ताडमाड. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. शिकते काय, तर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वाहतूक. एका दमात मला अजून म्हणता येत नाही. शेजारी विचारतात तेव्हा मी “बोटींचं शिकते, बापासारखं” एवढंच सांगतो.

आता कॉलेजने नवीन काढलंय. इंटर्नशिप म्हणे. म्हणजे कुठल्या तरी कंपनीत जाऊन काही महिने काम करायचं, आणि तिथल्या साहेबाने ‘हिने काम नीट केलं’ असं लिहून दिलं तरच पदवी. नाही दिलं तर तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात. तिच्या मैत्रिणींना कुणाचा मामा, कुणाचा काका असं करत जागा मिळाल्या. आपली पोर रोज बूट झिजवून येते. मी म्हटलं, अगं, बाप बोटीच्या कंपनीत साहेब असताना तू दारोदार का फिरतेस? तर म्हणाली, “आजोबा, बाबांना यातलं काही कळवायचं नाही. माझं मी बघेन.” मी कळवलं हे तिला कळू देऊ नकोस. पण तिकडून कुणाला तरी एक शब्द टाक. तुझ्या एका शब्दाने होईल.

पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या मित्राकडे, टायरवाल्याकडे, देतोय. भला माणूस आहे. बोटीवर जाणाऱ्यांबरोबर तो इतकी वर्षं आपलं टपाल धाडतो, कधी तोंड वाकडं केलं नाही. सूनबाईने विणलेला स्वेटरही सोबत आहे. तिकडे बर्फ पडतो असं तू मागे फोनवर म्हणालास, म्हणून लोकर दुहेरी घेतली आहे. फोन केलास तर नंबर दिसेल असा कर. आम्हाला उलटा फोन करता येत नाही.

तुझा बाबा

९ फेब्रुवारी

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा शब्द काही आला नाही. बोटीवर असशील. असो, बारकीने आपली आपण जागा मिळवली, म्हणून मी तुझ्यावर रागावलेलो नाही. थोडा रागावलो होतो.

मला वाटलं काचेचं ऑफिस असेल, थंडगार हवा असेल. कसलं काय! कंटेनरचं यार्ड आहे. पहिल्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो, ती नको नको म्हणत असताना. लोखंडाच्या खोल्याच्या खोल्या, एकावर एक पाच-पाच, आणि क्रेन त्यातली एक खोली काडेपेटीसारखी उचलते. खाली माणसं खुशाल चालतात. मी पहारेकऱ्याला विचारलं, “वरून पडली तर?” तो म्हणाला, “आजोबा, पडली तर विचारायला कुणी उरत नाही.” असली थट्टा करतात का म्हाताऱ्याशी? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आधी तिला कागदपत्रांवर बसवलं होतं. आता गेटवर घेतलंय. तिथलं काम तिने मला समजावलं ते तुला लिहितो, तुला माहीत असेलच. ट्रेलर कंटेनर घेऊन गेटाला लागतो. बारकी मागे जाऊन कंटेनरच्या दारावरचा नंबर मोठ्याने वाचते. ड्रायव्हर वर बसून आपल्या हातातल्या कागदावरचा नंबर मोठ्याने म्हणतो. जो दार बघतो त्याने कागद बघायचा नाही, ज्याच्या हातात कागद त्याने दार बघायचं नाही. कारण डोळ्याला एकदा एक आकडा दिसला की दुसरीकडेही तोच दिसायला लागतो. दोन्ही नंबर कानांनी जुळवायचे, दोघांनी ‘बरोबर’ म्हणायचं, मग गेटाचा दांडा वर. तिथल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या म्हणे या एका गोष्टीला सोडत नाहीत. त्याच शेवटी हिला लिहून देणार.

मला ही पद्धत आवडली. मी जन्मभर लिफ्ट चालवली. वर-खाली केलं, पुढे कुठे गेलो नाही. आपल्या घरातलं कुणीतरी आता असा दांडा उचलतं की माल थेट समुद्रापार जातो. मला झोप लागत नाही, पण अभिमान वाटतो.

तुझा बाबा

६ मार्च

हे काय ऐकतोय मी?

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. आशीर्वाद नंतर लिहीन.

बारकी काल दुपारीच घरी आली. चपला न काढता आत आली. मी म्हटलं, काय गं, ताप आहे का? तर म्हणाली, “आई कुठे आहे?” म्हटलं, कुठे असणार, दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवर. मग तिने दाराला कडी घातली आणि म्हणाली, “आजोबा, बाबा परदेशात नाहीत. बाबा ट्रेलर चालवतात. आज माझ्या गेटवर आले होते.”

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, “अगं, एका तोंडाची सात माणसं असतात जगात.”

ती म्हणाली, “बाकीच्या सहांच्या भुवईवर मी लहानपणी फेकलेल्या पाटीची खूण असते का?”

पाणी तिनेच दिलं मला, खरं तर मी तिला द्यायला हवं होतं.

ती सांगते, ट्रेलर गेटाला लागला. तिने वर पाहिलं. दाढी वाढलेली, पांढरी झालेली, डोक्याला रुमाल बांधलेला. खूण तीच, आणि खिडकीत कोपर ठेवायची पद्धत तीच. ती तोंड उघडणार, एवढ्यात तू म्हणालास, “मॅडम, जरा लवकर. मागे रांग आहे.”

मॅडम!

पोटच्या पोरीला मॅडम म्हणालास तू?

ती मागे गेली, नंबर वाचला, दांडा वर झाला आणि तू निघून गेलास. पुढचं ती काही बोलत नाही. आज यार्डात गेली नाही. आईला अंग दुखतंय म्हणून सांगितलं. गेटवरचे थोडेच आठवडे राहिलेत, आणि ही पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलीये.

मला एकच सांग. तू तिला ओळखलंस का नाही? बारा वर्षांची सोडून गेलास, आता डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चकाकणारं जाकीट. नसेल ओळखलं, तर मी समजू शकतो. पण ओळखून मॅडम म्हणाला असशील, तर मी काय समजू? ती म्हणते, बाहेर पडताना तू वळून पाहिलंही नाहीस. पण ट्रेलरवाल्याला आरसा असतो, त्याला वळावं लागत नाही, हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचतंय.

सूनबाईला मी काही बोललेलो नाही. ती स्वयंपाकघरातून हाक मारतेय. पत्र लपवतो.

९ मार्च

मी टायरवाल्याकडे जाऊन आलो.

तो एका चाकावर पाना लावून बसला होता. मला पाहून उठला. “काका, तुम्ही? पत्र आणलंत?”

“पत्र नाही. माझा मुलगा कुठल्या देशात आहे?”

“काका, चहा सांगतो.”

“चहा मरो. देश सांग.”

त्याने पाना खाली ठेवला. हात फडक्याला पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला. मग म्हणाला, “काका, याच देशात. गाडीवर नसला की इथे, दुकानामागच्या खाटेवर.”

मला मागे नेलं त्याने. तुझी खाट पाहिली. आरसा, दाढीचा ब्रश, खुंटीवर एक शर्ट. आणि उशाला सूनबाईचे स्वेटर, एकावर एक घडी घालून. एवढ्या उकाड्यात घालणार तरी कधी! उशी केलीस तू त्यांची. मी त्या खाटेवरच बसलो.

टायरवाला वाईट माणूस नाही, हे मी अजून म्हणतो. तो म्हणाला, “काका, एजंटाने फसवलं त्याला. बोटीवर चढवलंच नाही. कुठल्याशा बंदरावर बसवून ठेवलं आणि स्वतः पसार झाला. हा हातापाया पडून परत आला. पण तोवर तुम्ही गल्लीभर सांगून ठेवलं होतं, मुलगा बोटीवर साहेब झाला. म्हणाला, साहेब होऊनच घरी जातो. तो साहेब काही झाला नाही.”

म्हणजे माझ्या तोंडामुळे? मी आनंदाने सांगितलं रे. माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं होतं काय?

मी म्हटलं, आता कुठे आहे तो? तर याने दुसरा धोंडा घातला डोक्यात. म्हणाला, “गाडी गेली त्याची. यार्डातून भलताच कंटेनर घेऊन निघाला होता. कागद फरशांचा आणि गाडीवर सलाइनच्या बाटल्या. अर्ध्या वाटेत चहाला थांबला तेव्हा मागचा नंबर पाहिला. तसाच बंदरावर गेला असता तर बोटीवरही चढला असता. पुढे बोंबाबोंब झाली असती तेव्हा कुणाची चूक हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा माघारी गेला आणि चूक माझी म्हणाला. त्यांनी गेट बंद केलं त्याला. मालकाने चावी काढून घेतली. शर्टाची पिशवी घेऊन गेला कुठेतरी. बोलला नाही.”

“मग मी पत्र कुठे देऊ?”

“माझ्याकडेच द्या. बाकी कशाला येईल न येईल, पत्राला येतोच तो. आजवर एक सोडलेलं नाही.”

म्हणून लिहितोय. भलता कंटेनर! एवढी वर्षं गाडी हाकून तुझ्या हातून हे झालं कसं? त्या गेटवर तर नंबर कानांनी जुळवतात. मला हे काही केल्या जुळत नाही.

१३ मार्च

जुळलं.

मी बारकीला म्हटलं, बाबाची गाडी गेली, भलता कंटेनर नेला म्हणून. वाटलं, दचकेल. ती दचकली नाही. उठून बसली आणि म्हणाली, “मला माहीत आहे. मी तिथेच उभी होते.”

मग सगळं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो.

“आजोबा, मी मागे गेले आणि दारावरचा नंबर वाचला. बाबा वरून दुसराच नंबर म्हणाले. मला ऐकू आलं. कानाला आलं, डोक्यात गेलं नाही. मी नुसता त्यांचा आवाज ऐकत होते. आणि मी ‘बरोबर’ म्हटलं. तेही ‘बरोबर’ म्हणाले. त्यांनीही माझं ऐकलं नसणार. दांडा मीच वर केला.”

मी म्हटलं, “मग तो माघारी आला तेव्हा?”

“मोठ्या बाई आणि मी दोघी गेटवर होतो. ते खाली उतरले. म्हणाले, ‘चूक माझी. पोरीने नीट वाचलं होतं, मीच कागद न बघता हो म्हटलं.’ मोठ्या बाई भडकल्या. म्हणाल्या, ‘पोरगी कुणाला म्हणता? नीट बोला.’ तर ते म्हणाले, ‘चुकलं, मॅडम.’ आणि मी गप्प उभी राहिले, आजोबा. मोठ्या बाईंनी त्यांच्यादेखत माझी पाठ थोपटली.”

म्हणजे ओळखलं होतंस तू. सहा तारखेच्या पत्रातल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. आता ते आलंय तर मला पेलत नाही.

आता माझं ऐक. मी तिला सांगितलं की गप्प राहा. होय, मीच. म्हटलं, झालं ते झालं, बापाने स्वतःहून अंगावर घेतलंय ते वाया घालवू नकोस. उरलेले आठवडे काढ, बाईंकडून लिहून घे, पदवी पदरात पाडून घे. तू तरी दुसरं काय सांगितलं असतंस?

तर दारात सूनबाई उभी. केव्हापासून, देव जाणे. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही. मला वाटलं आता रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. ती म्हणाली, “दुहेरी लोकर घेत होते मी. बर्फ पडतो म्हणून.”

मग तिने बारकीला विचारलं, “वाळलेत का गं फार?”

“हो.”

“हं.” पिशवीतली भाजी काढून ठेवली. एक-एक काढून ठेवली. मग पाठमोरीच म्हणाली, “उद्या यार्डात जायचं आणि बाईंना खरं सांगायचं.”

बारकी म्हणाली, “आई, पदवी जाईल.”

“जाऊ दे. एका घराला एक खोटा साहेब पुरे झाला.”

मी मध्ये बोलायला गेलो, तर “बाबा, तुम्ही चहा घ्या” असं म्हणाली. चहा केलेलाच नव्हता.

२१ मार्च

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रांत राहिलेले आशीर्वादही यातच धर.

बारकी यार्डात जाऊन सांगून आली. मी बरोबर गेलो. आत येऊ नका म्हणाली, म्हणून मोठ्या बाईंच्या केबिनच्या दाराशी उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. ऐकू यावं म्हणूनच तिथे उभा होतो.

बारकी म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी नंबर जुळत नव्हते. मला ऐकू आलं होतं, तरी मी बरोबर म्हटलं. ड्रायव्हर खोटं बोलले. ते माझे बाबा आहेत. मी त्यांना दहा वर्षांनी पाहत होते.”

मग बाईंचा आवाज आला, “बाबा म्हणजे? सख्खे?”

“हो.”

“आणि तू मला त्यांच्यादेखत पाठ थोपटू दिलीस?”

“चुकलं, मॅडम.”

बाई म्हणाल्या, “त्यात सलाइनच्या बाटल्या होत्या. पलीकडे एक हॉस्पिटल वाट बघत होतं. तिथे त्या पोचल्याच नसत्या. समजतंय ना तुला?” आणि मग बारकी रडली. घरी एकदाही रडली नव्हती.

मी दार ढकलून आत गेलो. मला राहवेना. म्हटलं, “बाई, पोर लहान आहे.” बाई म्हणाल्या, “तुम्ही कोण?” म्हटलं, “मी त्याचा बाप.” त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अजून किती जण बाहेर उभे आहेत?”

निकाल काय तो ऐक. गेटवर काढलेले दिवस धरणार नाहीत. ते सगळे पहिल्यापासून पुन्हा करायचे, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, तेव्हा कुठे त्या लिहून देतील. म्हणजे बारकीचा निकाल बरोबरीच्यांबरोबर लागत नाही, पुढच्या तुकडीबरोबर लागेल. मला वाईट वाटलं. तिला वाटल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून गेली.

आणि तुझं गेट उघडलंय. बाईंनी माझ्यासमोर फोन करून तुझ्या मालकाला सांगितलं, एकट्या ड्रायव्हरची चूक नव्हती. मालक म्हणाला, चावी खुंटीला आहे, येऊन घेऊन जा. एक अट मात्र बाईंनी घातली. तुझी गाडी आली तर नंबर बारकीने वाचायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. म्हणाल्या, “नात्यात कान काम करत नाहीत.” बाई कडक आहेत, पण मला पटलं.

आता तूच नाहीस. बारकी रोज प्रत्येक ट्रेलरच्या खिडकीत बघते आणि घरी आली की मी काही न विचारता मान हलवते. टायरवाला म्हणतो, मागची तीन पत्रं अजून पडून आहेत. अरे, तू पत्र सोडत नाहीस ना? मग ही तीन का पडली? बरा आहेस ना? काही खातोस का? माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं, आणि भलतंसलतं मनात येतं ते इथे लिहीत नाही.

मी रागावलेलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. खूप रागावलोय. समोर ये म्हणजे नीट रागावता येईल. कागदावर ओरडता येत नाही. आणि गल्लीची काळजी करू नकोस. शेजाऱ्यांना मीच सांगितलं, मुलगा साहेब नाही, ट्रेलर चालवतो. ते म्हणाले, “बरं.” एवढंच! मी जिन्यातच कितीतरी वेळ उभा राहिलो. इतक्या वर्षांचं ओझं, आणि लोक ‘बरं’ म्हणून भाजी निवडायला लागले.

सूनबाईला विचारलं, काही निरोप लिहू का? आधी नाही म्हणाली. मग पाकीट चिकटवायला घेतल्यावर म्हणाली, “लिहा, यायचं तर अंगातल्या कपड्यांनी या. परदेशातून आल्यासारखं येऊ नका. मी दार उघडेन की नाही ते मला आज सांगता येत नाही, पण घरात असेन.”

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलंय, माझं त्यात काही नाही.

कागद नसेल हाताशी तर टायरवाल्याला तोंडी सांग. तेही नको असेल तर गेटावरून नुसती गाडी ने. बारकी बघेल. पण लवकर काहीतरी कळव रे. मी वाट बघतोय.

तुझा बाबा